मैनाची लेक

दिंडोरीच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत वळलं की योगेशभाऊंची द्राक्षबाग लागते. बागेच्या पार टोकाला, विहिरीच्या अंगाला, मजुरांसाठी बांधलेल्या खोल्यांची एक ओळ आहे. दिवाळी झाली की त्या गजबजतात. सुरगाण्याकडून जीपा भरून माणसं उतरतात. गाठोडी, तांदळाच्या पिशव्या, कोंबड्या, पोरंबाळं. घडांची विरळणी होते, तोडणी होते, आणि उन्हाळा तापला की सगळी पुन्हा डोंगराची वाट धरतात. खोल्यांना कुलपं लागतात. शेवटच्या खोलीला मात्र लागत नाही. तिथे नवसाबाई बारमाही राहते.

तिचं माहेर गुजरातच्या हद्दीला खेटून असलेल्या एका पाड्यावर. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून बापाने, पुंजाने, डोंगरावरच्या देवीला नवस बोलला आणि ही जगली. म्हणून नवसा. तिच्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी मैना झाली. मैना रांगत होती तेव्हा आई तापाने गेली. नवसा तेव्हा असेल दहा-अकरा वर्षांची. पुंजाने दुसरी बायको केली नाही. तो शेतावर गेला की पोर नवसाच्या कडेवर. शाळेतल्या मास्तरांनी थोडे दिवस चालवून घेतलं, मग म्हणाले, "एक तर शिक, नाहीतर पोर सांभाळ." नवसाने पोर सांभाळली. आंबील भरवली, उवा काढल्या, ओढ्यावर नेऊन न्हाऊ घातलं. मैना पहिल्यांदा 'आय' म्हणाली ती नवसाकडे बघून. पाड्यातल्या बाया हसल्या. नवसा लाजली, पण मनातून सुखावली.

पुढे तिचं लग्न शेजारच्या पाड्यातल्या दत्तूशी झालं. दत्तू हसरा गडी. पावरी छान वाजवायचा, आणि चालताना बायकोच्या पुढे चार पावलं न जाता बरोबरीने चालायचा. भात निघालं की दोघं जीपने दिंडोरीकडे उतरायची, चार महिने बागांत राबायची. वर्षामागून वर्षं गेली, मूल झालं नाही. भगत झाले, कोंबड्या झाल्या, अंगारे झाले. दत्तू आधी समजूत घालायचा. मग गप्प राहू लागला. मग पावरी वाजवायचं सोडलं.

बागेतच तिला कुसाबाई भेटली. कुसाबाई दिंडोरीचीच, विधवा, ख्रिस्ती. विरळणीच्या टोळीत ती नवसाच्या शेजारच्या ओळीत असायची. कात्री चालवता चालवता हळू आवाजात गीत म्हणायची. रविवारी तिच्या घराच्या पडवीत पाच-सात माणसं प्रार्थनेला जमत, महिन्यातून एकदा नाशिकहून पाळक येत. एकदा नवसाने तिला विचारलं, "तुमचा देव पोर देतो का?"

कुसाबाई म्हणाली, "पोर देईल असं मी सांगणार नाय. खोटं कशाला सांगू? पण तू रडतीस तेव्हा कोणीतरी जवळ असतं, एवढं मला ठाऊक हाय."

नवसाला हे उत्तर आवडलं. इतक्या वर्षांत कुणीच तिला असं खरं काही सांगितलं नव्हतं. ती रविवारी जाऊ लागली. दोन हंगामांनी कादवा नदीच्या पाण्यात तिने बाप्तिस्मा घेतला. दत्तू आडवा आला नाही. म्हणाला, "तुला बरं वाटतं ना, मग जा."

त्याच्या पुढच्या हंगामात मैनाही त्यांच्याबरोबर कामाला आली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची, भरल्या अंगाची, बडबडी. एका खोलीत तिघं राहायची. नवसाला त्यात वावगं काही दिसलं नाही. मैना तिला अजून कडेवरचीच पोर वाटत होती. तोडणी संपत आली तेव्हा मैनाने जेवण टाकलं, सकाळी उलट्या सुरू झाल्या, आणि नवसाला जे कळायचं ते कळलं. तिने मैनाकडे पाहिलं. मैना चुलीकडे तोंड करून बसली होती, तिने मान वर केली नाही.

पाड्यावर बैठक बसली. जुनी माणसं म्हणाली, परकी तर आणली नाही, तुझीच बहीण हाय, पोर झालं तर तुझंच. दत्तूही म्हणाला, "दोघी ऱ्हा. मी तुला कमी करणार नाय." आजूबाजूला अशी घरं होतीच. पण नवसा म्हणाली, "तुमी दोघं ऱ्हा. मी नाय राहणार." एवढं बोलून ती उठली. मैनाचं ते पहिलं पोर राहिलं नाही, आठव्या महिन्यात पोटातच गेलं. ती बातमी नवसाला दिंडोरीत कळली. तोवर ती योगेशभाऊंच्या बागेतल्या शेवटच्या खोलीत राहायला आली होती.

ती वर्षं कशी गेली हे नवसाबाई कुणाला सांगत नाही. दिवस कामात जायचा. विहिरीची मोटार सांभाळायची, काड्या वेचायच्या, औषध फवारणीला पाणी भरून द्यायचं. हंगाम असला की आजूबाजूच्या खोल्यांतून भांडणं ऐकू यायची, पोरांची रडणी ऐकू यायची, तेव्हा बरं वाटे. पावसाळ्यात मात्र ओळीतल्या सगळ्या खोल्या बंद. बोलायला कुणी नाही. पीठ मळताना हात अजून दोघांचं घ्यायचा आणि उरलेली भाकर सकाळी ती चहाबरोबर खायची. रविवारी कुसाबाईच्या पडवीत कुणीतरी तिचं नाव घेऊन हाक मारायचं. आठवडाभरात तिचं नाव कुणी घेतलं असेल तर तेवढंच. तिथे सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत. दुसऱ्यांना आपण माफ केलंय असं जिथे म्हणायचं असतं तिथे नवसाबाईची जीभ अडे. ती गप्प होई आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरात सामील होई. कुसाबाईच्या ते ध्यानात आलं होतं, पण ती कधी बोलली नाही.

मैनाला पुढे मुलगी झाली. ती चालू लागली असेल, अशा दिवसांत एका दुपारी दत्तू बागेत आला. प्यायलेला नव्हता. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. उंबऱ्याशी बसला, पाणी प्याला.

मग म्हणाला, "नवसा, चल माघारी."

ती चहाचं आधण ठेवत होती. तिने वळून पाहिलं नाही.

"मैनाशी माझं जमत नाय. सारखी आजारी, सारखी चिडचिड. झाली तर पोरगीच झाली. मी तिला तुझ्या बापाकडं धाडून देतो. पोर बी तिकडंच. आपण दोघं ऱ्हाऊ, पहिल्यासारखं."

चहा उकळून वर आला तरी नवसाबाईचा हात पुढे गेला नाही. खोटं कशाला सांगा, तिच्या मनाने त्या घटकेत पाड्यापर्यंत जाऊन परत फेरी मारली. आपल्या चुलीपुढे आपण, दारात दत्तू, आणि पोर कडेवर घेऊन बापाच्या घरी परत निघालेली मैना. ज्या पाड्याने आपल्याला उठताना पाहिलं त्याच पाड्याने आता तिला उठताना पाहावं. हे चित्र तिला गोड लागलं, आणि गोड लागलं म्हणूनच ती घाबरली. दत्तू तिच्या पाठीमागे बसला होता. त्याच्या अंगाला तोच ओळखीचा वास होता, भाताच्या पेंढ्याचा आणि विडीचा. किती वर्षांत कुणी तिच्या इतकं जवळ बसलं नव्हतं.

तिने चहा गाळला, कप त्याच्या पुढे ठेवला.

"पोर झालेल्या बाईला घराबाहेर काढून माझ्या दारात येऊ नको," ती म्हणाली. "चहा पी आणि जा. तिला सोडू नको."

"तुला माझी काहीच ओढ नाय राहिली?"

"हाय," ती म्हणाली. "म्हणून जा म्हणते."

दत्तू गेला. तो बांधाच्या वळणाआड दिसेनासा होईपर्यंत ती दारात उभी राहिली नाही. आत गेली, दार लावलं, आणि त्या दिवशी दुपारनंतर कामालाही गेली नाही. ही गोष्ट तिने कुसाबाईला सांगितली. मैनाला आजतागायत सांगितलेली नाही.

पुढच्याच पावसाळ्यात घाटात जीप उलटली. टपावर बसलेल्यांपैकी दोघे गेले, त्यात दत्तू होता. नवसाबाई मातीला गेली, लांब उभी राहिली आणि परत आली. मैनाला तिने पाहिलं. वाळून काटकी झालेली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

द्राक्षांत पाणी उतरायला लागलं होतं अशा एका सकाळी मैना तिच्या दाराशी येऊन उभी राहिली. कडेवर पोरगी, पूजा तिचं नाव, अडीच वर्षांची असेल. मैनाने तोंडाला फडकं बांधलं होतं. दोन वाक्यं बोलली की खोकल्याची उबळ यायची.

"टीबी झालाय, ताई. साध्या गोळ्यांनी जाणारा नाय म्हणतात. सासरी कोणी पोरीला जवळ घेत नाय, आपल्या बापाला आता डोळ्यांनी दिसत नाय." ती धापा टाकत थांबली. "मला नको ठेवू. हिला ठेव."

नवसाबाईने बाहेर गोणपाट टाकलं, पाण्याचा तांब्या ठेवला, पोरीच्या हातात भाकरीचा तुकडा दिला आणि तडक कुसाबाईचं घर गाठलं. कुसाबाई तांदूळ निवडत होती. नवसाबाईने उभ्याउभ्याच सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "माझ्या मनात तिच्यासाठी काही नाय, बाई. दगड हाय दगड. खोटी माया मी कुठून आणू?"

कुसाबाईने सूप बाजूला ठेवलं. "माया येईस्तोवर थांबलीस तर ती बाई मरून जाईल. तू आधी हात पुढं कर. मन मागनं येतं. नाय आलं तरी हात तर पुढं झाला."

नवसाबाई परत आली तेव्हा पोरगी गोणपाटावर झोपली होती आणि मैना तिच्या अंगावर ऊन येऊ नये म्हणून पाठ करून बसली होती. नवसाबाई म्हणाली, "उठ. मोटारीच्या खोलीत खाट टाकते. दोन्ही खिडक्या उघड्या ठेवायच्या. पोर माझ्याजवळ झोपंल."

दीड वर्ष उपचार चालले. योगेशभाऊंनी आधी कुरकुर केली, मजूर घाबरतील म्हणाले; पण त्यांची बायको हर्षाली मध्ये पडली, म्हणाली, राहू द्या, खोली लांब आहे. नवसाबाईने मैनाची ताट-वाटी वेगळी ठेवली, सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणल्या. त्या गोळ्यांनी मैनाला मळमळायचं, कानात आवाज यायचे, ती चिडून ताट ढकलून द्यायची. नवसाबाई ताट उचलून पुन्हा वाढायची. एकदा मैना रडत म्हणाली, "तू मला शिव्या दे ना, ताई. काहीतरी बोल." नवसाबाई म्हणाली, "गोळी घे." तिच्याकडे खरंच दुसरं काही नव्हतं. अंड्यासाठी पैसे लागत म्हणून तिने स्वतःचा सकाळचा चहा बंद केला होता, रात्रीच्या खोकल्याने तिलाही झोप नव्हती, पण मनातला दगड जागचा हलला नव्हता. एका दुपारी मैनाच्या केसांत फणी घालताना मानेवर लहानपणी भाजल्याचा डाग दिसला. आंबिलीचं गाडगं लवंडलं होतं, त्याचा. नवसाबाईची फणी थांबली. तिने त्या डागावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या रविवारी प्रार्थनेत तिची जीभ अडली नाही.

पण या सगळ्यात पूजा तिची होऊन गेली. मैनाला लेकराजवळ जायची मनाई होती. पूजाला माहीत होतं की मोटारीच्या खोलीत एक बाई राहते, ती खोकते, आणि तिच्याकडे जायचं नसतं. पूजा नवसाबाईला आई म्हणू लागली. नवसाबाईने तिला एकदाही दुरुस्त केलं नाही. किती वर्षांनी तिच्या खोलीत कुणी झोपेत कूस बदलत होतं, पाय अंगावर टाकत होतं. सकाळी उठल्या उठल्या कुणीतरी तिला शोधत होतं.

थुंकीचे रिपोर्ट चांगले आले, मैनाला अंगी बळ आलं, तेव्हा तिने एकदा पूजाला जवळ ओढलं. पोरगी किंचाळून नवसाबाईच्या लुगड्याआड लपली. मैनाने पाहिलं. दोन दिवसांनी कपडे बांधून ती निघाली. म्हणाली, "तिला तुझ्याकडंच ठेव, ताई. मी तुझं घेतलं होतं. हे तू धर."

आणि नवसाबाई 'थांब' म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. तिने पूजाचा हात घट्ट धरला आणि मैना बांधावरून चालत गेली तिकडे नुसती पाहत राहिली.

पुढची तीन वर्षं ही नवसाबाईच्या आयुष्यातली सगळ्यात भरलेली. पूजा अंगणवाडीत गेली, मग पहिलीत. शाळेत आई म्हणून नवसाबाईचंच नाव लागलं. नाताळला पडवीत पोरीने पाठ केलेलं गीत म्हटलं, मध्येच विसरली, आणि सगळ्यांसमोर पळत येऊन नवसाबाईच्या मांडीत तोंड खुपसलं. पावसाळ्यात बंद खोल्यांच्या ओळीपुढे आता लंगडी चालायची. मैनाची काही खबर नव्हती. खबर येऊ नये असंही नवसाबाईला वाटे, आणि तसं वाटलं की ती पटकन दुसऱ्या कामाला लागे.

मग मैनाचा फोन आला. ती नाशिकला होती, अंबडला, एका कारखान्यात पॅकिंगच्या कामावर. आधी वापीला होती, तिथे कामात जम बसल्यावर इकडे आली. चुंचाळ्याला खोली घेतली होती. आवाज बरा होता, खोकला नव्हता.

"पोरगी कशी हाय, ताई?"

"झोपलीय," नवसाबाई म्हणाली. पूजा समोर बसून पाटीवर रेघोट्या मारत होती.

पुन्हा फोन आला तेव्हा नवसाबाईने उचलला नाही. पुन्हा आला तेव्हा मैना एका दमात बोलली, जणू पाठ करून ठेवलं होतं. "ताई, मला ती पाहिजे. माझ्या जिवाला चैन नाय. पण मी दिली होती, माझा हक्क नाय. तू नाय म्हण, मी पुन्हा विचारणार नाय. येशूशप्पथ नाय विचारणार." मैना काही ख्रिस्ती झाली नव्हती, बहिणीसमोर मोठी शपथ म्हणून तिने ती घेतली होती.

नवसाबाई म्हणाली, "सांगते."

हर्षालीला हे कळलं तेव्हा ती रागावली. "असं कसं नेईल? आजारपणात टाकून गेली आणि आता उगवली? शाळेत तुमचं नाव आहे, गाव साक्षीला आहे. मी वकिलाशी बोलते, रीतसर दत्तक करून टाकू. आणि नवसाबाई, खरं सांगू का, तिकडे त्या एका खोलीत पोरीचं काय भलं होणार आहे? ही ड्युटीवर गेली की पोर रस्त्यावर. इथे ती सुखात आहे."

हर्षाली तिच्या भल्याचंच बोलत होती. बोलणं खोटंही नव्हतं. एक 'नाय' म्हणायचं होतं, तेही फोनवर, समोर न बघता. मैना पुन्हा येणार नव्हती. तिची जबान नवसाबाईला ठाऊक होती. कुणी बोट दाखवणार नव्हतं. उलट गावाने चांगलंच म्हटलं असतं.

ती आठवडाभर धड जेवली नाही. पूजा शाळेत गेली की बागेत काम करता करता मनातल्या मनात मैनाशी भांडायची. तुझी चूक मी पोटात घातली, तुझी घाण मी उपसली, तुझ्या नवऱ्याला तुझ्याकडे परत मी धाडला. आता मला काय पाहिजे होतं, तर एवढंच. त्यातच एका दुपारी, खाली पडलेल्या काड्यांचा भारा बांधताना, तिला आपलंच बोलणं ऐकू आलं. सगळं मोजून ठेवलं होतं तिने. एकही गोष्ट विसरली नव्हती. मैनाला माफ केलं असं ती दर रविवारी तोंडाने म्हणत होती, आणि त्याची भरपाई म्हणून तिची पोर घरात ठेवून बसली होती. ती भाऱ्यावरच बसली. प्रभूला म्हणाली, "मला द्यायची नाय. तूच हात मोकळा कर माझा."

काही उजेड पडला नाही. मनही हलकं झालं नाही. फक्त आता काय करायचं ते कळलं, आणि कळलं म्हणून ती आणखी रडली.

रात्रीच्या भाकरी करताना तिने पूजाला सांगितलं. "मोटारीच्या खोलीत एक बाई राहायची, आठवते?"

"खोकणारी?"

"ती तुझी आई. पोटातली. मी तिची बहीण. तिनं मला तुला सांभाळायला दिलं होतं. ती बरी झालीय."

पूजाने हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "मग तू कोण?"

"मी मावशी."

"नाही," पूजा म्हणाली. "तू आई." आणि पुन्हा भाकरीचे पापुद्रे काढत बसली.

सहा-सात रविवार नवसाबाई तिला घेऊन बसने नाशिकला गेली, तिथून रिक्षाने चुंचाळ्याला. प्रार्थना चुकली. मैनाची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याची, पण झाडून पुसून ठेवलेली. ती पोरीसाठी फ्रॉक आणायची, कुरकुरे आणायची, आणि पोरीने घेतलं नाही की कावरीबावरी होऊन नवसाबाईकडे बघायची. पूजाला पाणी पाहिजे असलं तर ती नवसाबाईला सांगे. शू लागली तर नवसाबाईला सांगे. पडली तर नवसाबाईकडे धावे.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मैना म्हणाली, "ताई, तू पण इकडंच ये. मी कामावर जाते, तू घर बघ. तिघी राहू. मला सुद्धा तूच लागतीस."

नवसाबाईला हे ऐकायला किती गोड वाटलं असेल ते ज्याने त्याने समजावं. एका खोलीत आपली बहीण, आपली पोर. रात्री दोन माणसांचे श्वास.

"मी इथं असले तर ती तुझी कधी होणार नाय," ती म्हणाली. "आज बघितलंस ना, पाणी कोणाकडं मागते. तुला मी वाढवली, मैना. मला ठाऊक हाय, पोर कोणाची होते. जी रात्री उठते तिची होते. तू उठ."

सुट्टी लागली त्या दिवशी तिने पूजाला पोचवलं. जिन्यावरून उतरताना वर रडणं सुरू झालं. आई, आई. पूजा कुणाला हाक मारतेय ते नवसाबाईला माहीत होतं. ती मधल्या पायरीवर बसली आणि कठडा धरून ठेवला, कारण धरला नसता तर पाय वर चढले असते. शेजारच्या खोलीतली बाई बाहेर येऊन म्हणाली, "काय झालं हो, बरं नाही का?" ती म्हणाली, "बसले जरा." वर मैना काहीतरी बोलत होती, गाणं म्हणत होती, पुन्हा बोलत होती. रडणं थांबायला खूप वेळ लागला. थांबल्यावर नवसाबाई उठली आणि बसस्टँडकडे निघाली.

पहिले दोन महिने ती गेली नाही. मैना फोनवर रडायची, पोर जेवत नाही म्हणायची. नवसाबाई सांगायची, तिला भातात तूप नको, वरण पातळ लागतं, झोपताना पाठ खाजवायला लागते. फोन ठेवला की ती खोलीबाहेर जाऊन बसायची. तो पावसाळा तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांब पावसाळा. बंद खोल्यांच्या ओळीपुढे गवत माजलं होतं. हर्षाली एकदा छत्री घेऊन आली, थोडा वेळ बसली, म्हणाली, "तुम्ही चूक केलीत असं मी म्हणणार नाही. पण मला नसतं जमलं." नवसाबाई म्हणाली, "मलाबी नाय जमत, वहिनी. रोज जमवायला लागतं."

पूजा आता चौथीत आहे. मैनाला आई म्हणते. नवसाबाईला आधी मोठी आई म्हणायची, हल्ली मावशी म्हणते. शहरातल्या पोरांत तेच चालतं. मैना बदलली आहे, थोडी जाड झाली आहे, कारखान्यात तिच्या हाताखाली चार बायका आहेत. ती नवसाबाईला दर महिन्याला फोन करते आणि प्रत्येक वेळी शेवटी काहीतरी म्हणायचं असल्यासारखी थांबते. नवसाबाई "ठेवते" म्हणते.

कुसाबाई आता अंथरुणाला खिळली आहे. मुलगे नाशिकला, सून येऊन-जाऊन. संध्याकाळी बागेतलं काम संपलं की नवसाबाई तिकडे जाते, तिला पुसून काढते, कूस बदलून देते, दोन घास भरवते. कुसाबाई कधी ओळखते, कधी नाही. प्रार्थना अजून त्याच पडवीत होते. माणसं कमी झाली आहेत. गेल्या पावसाळ्यात दोन रविवार दोघीच होत्या, एक खाटेवर आणि एक खाली. तरी नवसाबाईने गीत सुरू केलं, शेवटपर्यंत म्हटलं.

या मे महिन्यात पूजा यायची होती. नवसाबाईने नागलीचे पापड लाटून ठेवले होते, शेजारची खोली धुऊन घेतली होती, तिथे पोरीला खेळता येईल म्हणून. मग मैनाचा फोन आला, की शाळेत नाचाचं शिबिर आहे, पूजाचं नाव घातलंय, मैत्रिणी सगळ्या आहेत, ती यायचं म्हणत नाही. मैना अपराध्यासारखी बोलत होती. "मी ओरडू का तिला, ताई?"

"कशाला? नाचू दे."

नवसाबाईने पापड डब्यात भरले, फडक्यात बांधले, आणि नाशिकला माल घेऊन जाणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हाती दिले. पोचल्याचा फोन आला नाही. दोन दिवस वाट पाहून तिनेच लावला. पूजाने उचलला.

"मिळाले का गं पापड?"

"हो मावशी. छान होते." मागे कुणी तरी पोरी हसत होत्या, गाणं लागलं होतं. "मावशी, मी जाऊ?"

"जा. वेळेवर जेव."

फोन बंद झाला. तिने तो पदराच्या टोकाने पुसून ओच्यात ठेवला. खरड छाटणीनंतर वेलींना नको त्या फुटी आल्या होत्या, ऊन चढायच्या आत दोन ओळी उरकायच्या होत्या. ती कात्री घेऊन बागेत शिरली.